सन १८४८ : सिंहासनांचें वर्ष

इ. स. १८४८ च्या जानेवारी महिन्याची १२ वी तारीख. त्या दिवशीं कलकत्त्यास एका पस्तीस वर्षांच्या स्कॉच उमरावानें हिंदुस्थानच्या गव्हर्नर-जनरलच्या अधिकाराचीं सूत्रें हातीं घेतलीं. त्याचें नांव लॉर्ड डलहौसी. नेमक्या त्याच दिवशीं, हजारों मैल दूर, भूमध्य समुद्रांतील सिसिली बेटावर पालेर्मो शहरीं लोक रस्त्यावर येऊन आपल्या राजाच्या शिपायांशीं लढूं लागले. तो दिवस राजाचा वाढदिवस होता. आणि मौज अशी कीं, त्या दिवशीं बंड होणार, हें सांगणारीं पत्रकें शहरांत आधींच लागलीं होतीं. इतकें सांगून-सवरून केलेलें बंड इतिहासांत क्वचितच आढळेल.

कलकत्त्याचा तो समारंभ आणि पालेर्मोच्या गल्ल्यांतील तो गोळीबार यांचा एकमेकांशीं कांहींएक संबंध नव्हता. तथापि त्या एका वर्षांत पृथ्वीच्या दोन भागांत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनीं विचारला गेला. राज्य कोणाचें, आणि तें कोणाच्या शब्दानें राहतें किंवा जातें, हा तो प्रश्न. युरोपांत तो प्रजेनें राजांना विचारला. हिंदुस्थानांत तो एका व्यापारी कंपनीनें मृत राजाच्या घराण्याला विचारला, आणि उत्तरहि तिनेंच दिलें.

नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१५ सालीं विजयी राजांनीं युरोपची जी घडी बसविली, ती तेहतीस वर्षें कशीबशी टिकली होती. त्या घडीचा रखवालदार म्हणजे ऑस्ट्रियाचा मुख्य प्रधान मेटर्निख. वर्तमानपत्रांवर नजर, विद्यार्थ्यांच्या मंडळांत हेर, पुस्तकांवर तपासनीस, अशी त्याची व्यवस्था. अशा व्यवस्थेला नव्या विचारांनीं तडा जातो हें खरें. पण केवळ विचारांनीं लोक घराबाहेर पडत नाहींत. १८४५ पासून युरोपांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि पुढच्या वर्षीं धान्याचें पीकहि बुडालें. आयर्लंडांत तर त्या दुष्काळानें आणि त्याबरोबर आलेल्या रोगांनीं सुमारें दहा लाख माणसें दगावलीं. पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना येथें पावाचा भाव भडकला. ज्याची मजुरी पावांतच संपते तो कापड विकत घेत नाहीं. कापड खपलें नाहीं म्हणजे माग थांबतात, आणि माग थांबले म्हणजे विणकऱ्याला पावहि मिळत नाहीं. १८४७ च्या अखेरीस मोठमोठ्या शहरांतून अशा रिकाम्या हातांची दाटी झाली होती. दारू अशी ठासून भरलेली होती; ठिणगी मात्र पडली ती एका मेजवानीवरून.

फ्रान्समध्यें त्या वेळीं लुई फिलिप हा चौऱ्याहत्तर वर्षांचा राजा गादीवर होता. १८३० सालच्या क्रांतीनेंच त्याला वर आणलें होतें, म्हणून तो स्वतःस 'फ्रान्सचा राजा' न म्हणवितां 'फ्रेंचांचा राजा' म्हणवी, आणि हातांत छत्री घेऊन साध्या पोषाखांत पॅरिसच्या रस्त्यांतून फिरे. पण छत्री साधी असली तरी मतदारांची यादी साधी नव्हती. सालीना दोनशें फ्रँक प्रत्यक्ष कर भरणारासच काय तें मत. साडेतीन कोट वस्तीच्या देशांत मतदार अवघे अडीच लाखांच्या आंतबाहेर. राजकीय सभा भरविण्यास कायद्याची आडकाठी होती. म्हणून सुधारणावाद्यांनीं अशी युक्ति काढली कीं, सभेऐवजीं मेजवानी द्यावयाची आणि जेवणानंतर भाषणें करावयाचीं. २२ फेब्रुवारीस पॅरिसमध्यें व्हावयाची अशी एक मेजवानी सरकारनें बंद केली. त्या मेजवानीस मुकलेले थोडे, आणि रोजच्या जेवणासच मुकलेले पुष्कळ, असे दोन्ही प्रकारचे लोक मग रस्त्यावर उतरले.

दुसऱ्या दिवशीं राजानें आपला अप्रिय प्रधान गीझो यास दूर केलें, तेव्हां घरोघर दिवे लागले आणि प्रकरण मिटलें असें सर्वांस वाटलें. परंतु त्याच रात्रीं परराष्ट्रखात्याच्या कचेरीपुढें जमलेल्या गर्दीवर शिपायांनीं गोळ्या झाडल्या व सुमारें पन्नास माणसें मेलीं. त्यांतील कांहीं प्रेतें एका गाडीवर घालून मशालींच्या उजेडांत शहरभर फिरविण्यांत आलीं. जेथून ती गाडी गेली तेथें फरसबंदीचे दगड उपटून, गाड्या उलथ्या पाडून, झाडें तोडून लोकांनीं रस्ते अडविले. उजाडेपर्यंत राजाचें राज्य त्याच्या वाड्यापुरतें उरलें. २४ तारखेस त्यानें आपल्या नऊ वर्षांच्या नातवाच्या नांवें गादी सोडल्याचा कागद लिहिला आणि काढता पाय घेतला. पुढें कल्ले काढून, चष्मा लावून, 'मिस्टर स्मिथ' या नांवानें तो इंग्लंडच्या किनाऱ्यास लागला. नातवाला कोणी विचारलेंच नाहीं. सिंहासन मात्र लोकांनीं उचलून बास्तीयच्या चौकांत नेलें आणि तेथें जाळून टाकलें.

जें हंगामी सरकार स्थापन झालें, त्यांत लामार्तीन हा कवि पुढारी होता. कवीच्या हातीं राज्य गेलें म्हणजे काय होतें, हें पाहण्याची संधि इतिहासानें फार वेळां दिलेली नाहीं. चार महिन्यांत त्याची सद्दी संपली. परंतु त्या अवधींत त्या सरकारानें केलेलीं दोन कृत्यें थोर होतीं. एक, प्रत्येक प्रौढ पुरुषास मत दिलें, आणि मतदारांची संख्या अडीच लाखांवरून एकदम नव्वद लाखांवर नेली. दुसरें, २७ एप्रिल रोजीं फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी बंद केली, आणि सुमारें अडीच लाख गुलाम स्वतंत्र झाले. या दुसऱ्या कामामागें श्योल्शेर नांवाच्या एका गृहस्थाची अनेक वर्षांची चिकाटी होती. क्रांति नसती तर त्याचें ऐकून घेण्यास कदाचित् आणखी वीस वर्षें लागलीं असतीं.

पॅरिसची बातमी आठवड्याच्या आंत व्हिएन्नास पोंचली. १३ मार्च रोजीं तेथील विद्यार्थी व कामकरी सभागृहावर चालून गेले, आणि जवळजवळ चाळीस वर्षें युरोपास धाकांत ठेवणाऱ्या मेटर्निखनें त्याच रात्रीं राजीनामा दिला. तोहि इंग्लंडांतच गेला. हंगेरींत कोसूथच्या पक्षानें स्वतंत्र मंत्रिमंडळ मिळविलें. बर्लिनमध्यें १८ मार्च रोजीं दोनशेंहून अधिक नागरिक रस्त्यांतील लढाईंत पडले. दुसऱ्या दिवशीं लोकांनीं त्यांचीं प्रेतें राजवाड्याच्या चौकांत आणलीं, आणि प्रशियाच्या राजाला सज्ज्यांत येऊन त्यांच्यापुढें टोपी काढावी लागली. मिलानच्या लोकांची कथा तर हिंदी वाचकास ओळखीची वाटावी अशी आहे. तंबाखूचा मक्ता ऑस्ट्रियन सरकारचा, म्हणून त्या शहरानें १ जानेवारीपासून चिरूट ओढणेंच सोडून दिलें. सोजीर मुद्दाम तोंडांत चिरूट धरून रस्त्यांतून हिंडूं लागले, आणि त्यावरून मारामाऱ्या झाल्या. परदेशी मालावरील जो बहिष्कार महाराष्ट्रानें व बंगालनें १९०५ सालीं हातीं घेतला, त्याचा हा एक वडील भाऊच म्हणावयाचा. मार्चमध्यें मिलानच्या नागरिकांनीं पांच दिवस झुंज देऊन एक्याऐंशी वर्षांच्या रॅडेट्स्की या सेनापतीस शहराबाहेर काढलें.

पळालेले राजे आणि प्रधान ज्या इंग्लंडांत जमा होत होते, तेंहि त्या वसंतांत निर्धास्त नव्हतें. तेथें चार्टिस्ट म्हणजे सनदवाले कामकरी सार्वत्रिक मताधिकारासाठीं दहा वर्षें झगडत होते. १० एप्रिल रोजीं लंडनच्या केनिंग्टन मैदानावर सभा भरवून तेथून पार्लमेंटावर अर्ज घेऊन जाण्याचें त्यांनीं ठरविलें. राणी व्हिक्टोरिया दोन दिवस आधींच वाइट बेटावर निघून गेली. वृद्ध ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे शहराच्या रक्षणाची योजना आली, आणि हजारों नागरिकांना एका दिवसापुरते शिपाई बनविण्यांत आलें. त्यांत लुई नेपोलियन नांवाचा एक परागंदा फ्रेंच राजपुत्रहि हातांत दांडकें घेऊन उभा होता; त्याची गांठ पुढें पुन्हां पडेल. पोलिसांनीं मिरवणुकीला पूल ओलांडूं दिला नाहीं. सनदवाल्यांचा पुढारी ओकॉनर यानें लोकांस घरीं जाण्यास सांगितलें, आणि तो प्रचंड अर्ज भाड्याच्या तीन घोडागाड्यांत घालून पार्लमेंटांत पोंचविण्यांत आला. सत्तावन्न लाख सह्या म्हणून सांगितलें होतें. कारकुनांनीं मोजल्या तों वीस लाखांच्याहि आंतच भरल्या, आणि त्यांत वेलिंग्टन व खुद्द राणी यांच्या नांवांच्याहि सह्या निघाल्या. सभागृह हंसलें. हंसण्यासारखें होतेंच, पण खऱ्या सह्या तरी लाखों होत्या, हें हंसण्याच्या भरांत पुष्कळांनीं विसरून टाकलें.

याच लंडन शहरांत त्या दिवसांत एक महाराष्ट्रीय गृहस्थ राहत होते. रंगो बापूजी गुप्ते हें त्यांचें नांव. सातारच्या राजाचे वकील म्हणून ते सुमारें आठ वर्षें तेथें ठाण मांडून होते. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर कंपनीनें शिवछत्रपतींचे वंशज प्रतापसिंह यांना सातारच्या गादीवर बसविलें, आणि १८१९ च्या तहांत तें राज्य त्यांना व त्यांच्या 'वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना' कायमचें दिल्याचें लिहून दिलें. पुढें १८३९ सालीं, गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशीं व इतरांशीं कट केल्याचा आरोप ठेवून, नीट चौकशी न करतां, कंपनीनें प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविलें, आणि त्यांचे धाकटे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादी दिली. ह्या अन्यायाची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी विलायतेस गेले होते. भाषा परकी, हवा परकी, पैशाची ओढाताण नेहमींची. तरी कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत, पार्लमेंटच्या सभासदांच्या घरीं, छापील निवेदनांतून, त्यांनीं हा खटला जागता ठेविला. गुलामगिरीविरुद्ध गाजलेला वक्ता जॉर्ज टॉम्सन आणि पार्लमेंटांतील काटेकोर हिशेबी जोसेफ ह्यूम यांच्यासारखे इंग्रज त्यांनीं आपल्या बाजूस वळविले होते. ऑक्टोबर १८४७ मध्यें प्रतापसिंह काशीसच वारले. धनी गेला, वकील मात्र धन्याच्या वारसांसाठीं मागेंच राहिला.

आणि १८४८ च्या एप्रिलच्या ५ तारखेस, म्हणजे केनिंग्टनच्या सभेपूर्वी अवघे पांच दिवस, सातारास शहाजी महाराजहि निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. दत्तक घेण्याची परवानगी त्यांनीं कंपनीकडे पूर्वीच मागितली होती; ती शेवटपर्यंत आली नाहीं. अखेर देहावसानाच्या दिवशींच त्यांनीं शास्त्रोक्त विधीनें एक मुलगा मांडीवर घेतला.

येथें प्रश्न धर्मशास्त्राचा नव्हता. हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक पुत्र औरस पुत्राप्रमाणेंच वारस होतो, हें इंग्रज न्यायाधीश रोज मान्य करीत होते. शहाजी महाराजांच्या खासगी मिळकतीपुरतें तें कंपनीनेंहि नाकारलें नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तहांतील 'वारस आणि उत्तराधिकारी' या शब्दांत हा मुलगा बसतो कीं नाहीं, आणि वरिष्ठ सत्तेच्या संमतीवांचून राज्याला दत्तक चालतो काय? मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यानें स्वच्छ मत दिलें कीं, तहाचे शब्द स्पष्ट आहेत व राज्य दत्तकास मिळालें पाहिजे. सातारचा रेसिडेंट बार्टल फ्रीयर याचेंहि मत तेंच. जो अंमलदार राज्य डोळ्यांनीं पाहत होता त्याचें मत एक, आणि दूरच्या कचेऱ्यांतील बहुतेकांचें दुसरें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. क्लार्कची मुदत त्याच सुमारास संपली. त्याच्या जागीं आलेला लॉर्ड फॉकलंड व त्याचें कौन्सिल खालसा करण्याच्या बाजूचें निघालें. कागद कलकत्त्यास गेले.

३० ऑगस्ट १८४८ रोजीं डलहौसीनें आपला सुप्रसिद्ध अभिप्राय लिहिला. नवा मुलूख मिळविण्याची न्याय्य संधि चालून आली असतां सरकारानें ती दवडूं नये, असा त्याचा आशय. इंग्रजी प्रांतांच्या मध्यें राहिलेलीं हीं लहान राज्यें गेल्यानें लष्कराची सोय होईल, वसूल वाढेल, आणि रयतेचें कल्याणहि होईल, असा त्यामागील विचार. डलहौसी लांचखाऊ नव्हता, आळशी नव्हता, कपटीहि नव्हता. आगगाडी, तार व एक दराचें टपाल त्याच्याच कारकीर्दींत आलें. त्याला मनापासून असें वाटत होतें कीं, कंपनीचें राज्य चांगलें म्हणून तें जितकें पसरेल तितकें बरें. सातारच्या रयतेला काय वाटतें, हें विचारावें असें त्या साऱ्या टिपणांच्या दप्तरांत कोणास सुचलें नाहीं. पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन येथें राजे कां गेले याच्या हकीकती तोंपर्यंत कलकत्त्याच्या इंग्रजी पत्रांत छापून जुन्या झाल्या होत्या. लंडनहून मिसर व सुवेझमार्गें निघालेलें टपाल सुमारें पांच आठवड्यांत मुंबईस पोंचत असे. तीं पत्रें गव्हर्नर-जनरलच्या टेबलावर येत नव्हतीं असें नाहीं. पण युरोपांतील प्रजेला जें लागू तें हिंदुस्थानांतील प्रजेलाहि लागू असेल, ही कल्पनाच त्या टेबलाभोवतीं नव्हती.

डलहौसीचें लक्ष त्या वेळीं पंजाबकडेहि लागलेलें होतें. एप्रिलांत मुलतान येथें दोन इंग्रज अधिकाऱ्यांचा खून झाला, आणि त्यांतून शिखांचें दुसरें युद्ध पेटलें. तेंहि पुढच्या मार्चमध्यें पंजाब खालसा होऊनच संपलें.

इकडे युरोपांत उन्हाळ्याबरोबर वारें फिरलें. पॅरिसमध्यें हंगामी सरकारानें बेकारांसाठीं सरकारी कामें काढलीं होतीं. त्यांवर एक लाखाहून अधिक माणसें लागलीं. त्यांचा खर्च भागविण्यास शेतसाऱ्यावर व इतर करांवर जादा पट्टी बसविली, तेव्हां खेड्यांतील शेतकरी चिडला. शहरच्या रिकामटेकड्यांस आम्हीं कां पोसावें, असें तो विचारूं लागला. नव्या मताधिकारानें निवडून आलेली सभा याच शेतकऱ्यांची होती. तिनें जूनमध्यें तीं कामें बंद केलीं, आणि २३ ते २६ जून असे चार दिवस पॅरिसचे कामकरी व प्रजासत्ताकाचें सैन्य यांच्यांत जी लढाई झाली, तिच्यापुढें फेब्रुवारीची क्रांति म्हणजे पोरखेळ. समेट करावयास मध्यें गेलेला पॅरिसचा आर्चबिशप गोळी लागून मेला. हजारों लोक पडले, हजारों कैद झाले. जनरल काव्हेन्याक यानें शहर जिंकलें. आणि क्रांतीचा आत्मा त्या चार दिवसांतच गेला.

व्हिएन्नाची गोष्टहि आंतून अशीच आहे. तेथील नव्या सभेंत कूडलिख नांवाचा शेतकऱ्याचा मुलगा सभासद होता. वय पंचविशीच्या आंत. जमीनदारांची वेठ आणि कुळांचें परावलंबन एकदम बंद करावें, असा ठराव त्यानें जुलैमध्यें आणला, आणि ७ सप्टेंबर रोजीं त्याचा कायदा झाला. शतकानुशतकांचें ओझें एका कागदानें उतरलें. परंतु ओझें उतरलेला शेतकरी आपल्या शेतावर निघून गेला. ऑक्टोबरांत बादशाही सैन्यानें व्हिएन्नावर तोफा डागल्या, तेव्हां शहराच्या मदतीस खेड्यांतून फारसें कोणी आलें नाहीं. फ्रान्समध्यें शेतकऱ्याला राग होता आणि ऑस्ट्रियांत समाधान. परिणाम दोहींकडे एकच झाला. शहरें एकटीं पडलीं. पुष्कळ इतिहासकार १८४८ च्या अपयशाचें खापर पुढाऱ्यांच्या वक्तृत्वप्रियतेवर फोडतात, आणि फ्रांकफुर्ट येथें जर्मन एकतेची घटना लिहीत बसलेल्या विद्वानांच्या सभेची थट्टा करतात. ती थट्टा कांहीं अंशीं खरी असली तरी मूळ दुखणें नांगर आणि माग यांच्या या ताटातुटींत होतें.

वर्षाच्या अखेरीस सिंहासनें पुन्हां भरूं लागलीं. नोव्हेंबरांत रोममध्यें पोपच्या प्रधानाचा खून झाला आणि पोप साध्या पाद्र्याच्या वेषांत नेपल्सच्या मुलखांत पळाला; उतरत्या काळांतील ती एक उलटी लाट. २ डिसेंबरला ऑस्ट्रियाचा दुबळा बादशहा पायउतार झाला व त्याचा अठरा वर्षांचा पुतण्या फ्रान्झ जोसेफ गादीवर आला. तो १९१६ पर्यंत, अडुसष्ट वर्षें, त्या गादीवरून उठला नाहीं. १० डिसेंबरला फ्रान्सनें आपला अध्यक्ष निवडला. काव्हेन्याकला साडेचौदा लाखांच्या सुमारास मतें पडलीं. लामार्तीनला, ज्याच्या भाषणांवर फेब्रुवारींत सारें पॅरिस डोलत होतें त्याला, वीस हजारहि पडलीं नाहींत. चौपन्न लाख मतें मिळवून निवडून आला तो लुई नेपोलियन; केनिंग्टनच्या दिवशीं लंडनांत दांडकें घेऊन उभा असलेला तोच हा गृहस्थ. शेतकऱ्याला त्याच्याविषयीं ठाऊक एवढेंच होतें कीं, तो नेपोलियनचा पुतण्या आहे. चार वर्षांत तो बादशहा झाला. प्रजेनें मत मिळविलें आणि त्या मतानेंच पुन्हां सिंहासन मांडलें, हा त्या वर्षाचा सर्वांत कडू घोट होता.

त्या वर्षीं ज्यांची फारशी वाच्यता झाली नाहीं, अशा गोष्टींची यादीहि लहान नाहीं. फेब्रुवारींत लंडनांत तेवीस पानांचें एक जर्मन चोपडें छापलें गेलें. त्यावर लेखकांचीं नांवेंहि नव्हतीं. कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स यांचा हा साम्यवादी जाहीरनामा. पॅरिसच्या क्रांतीशीं त्याचा संबंध जवळजवळ शून्य होता. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या एका लांकडाच्या गिरणीच्या पाटांत २४ जानेवारीस सोनें सांपडलें. आणि नऊच दिवसांनीं, त्याची वार्ताहि नसतांना, मेक्सिकोनें तो प्रांत तहानें अमेरिकेच्या हवालीं केला. न्यूयॉर्क संस्थानांतील सेनेका फॉल्स या गांवीं जुलैमध्यें सुमारें तीनशें माणसांची एक परिषद् भरली, आणि स्त्रियांस मत असावें असा ठराव तिनें केला. अडुसष्ट स्त्रिया व बत्तीस पुरुष यांनीं सह्या केल्या. तें मत अमेरिकेच्या घटनेंत १९२० सालीं आलें, त्या वेळीं सह्या करणाऱ्यांपैकीं शार्लट वुडवर्ड ही एकच बाई हयात होती.

महाराष्ट्रांतहि त्या वर्षाच्या खुणा शोधाव्या लागतात त्या रणांगणावर नव्हे. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंतील प्राध्यापक व विद्यार्थी यांनीं 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तिच्या चालकांत दादाभाई नौरोजी होते, आणि मुलींच्या शाळा हें तिचें लवकरच मुख्य काम झालें. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रांत मार्चपासून 'लोकहितवादी' या सहीनें पत्रें येऊं लागलीं. तीं लिहिणारे गोपाळ हरि देशमुख पंचवीस वर्षांचे व सरकारी नोकर होते. आपल्याच जातभाईंच्या आळसावर व पोकळ अभिमानावर इतक्या निर्भीडपणें मराठींत पूर्वी कोणीं लिहिलें नव्हतें. पुण्यास बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव फुले या एकवीस वर्षांच्या तरुणानें मुलींसाठीं शाळा घातली, आणि सावित्रीबाई, त्यांची सतरा वर्षांची पत्नी, तेथें शिकवूं लागल्या. रस्त्यानें जातांना त्यांच्या अंगावर शेण व चिखल पडे. लोकांच्या बोलण्यास भिऊन वडिलांनीं जोतीरावांना पत्नीसह घराबाहेर काढलें. शाळा कांहीं काळ बंदहि पडली, आणि पुन्हां निघाली. पॅरिसच्या नव्या सरकारानें नव्वद लाख लोकांस मत दिलें त्यांत स्त्री एकहि नव्हती. त्याच वर्षीं पुण्याच्या एका वाड्यांत हें चाललें होतें. दोहींचीं मापें निराळीं खरीं. पण भिड्यांच्या वाड्यांतील त्या पाट्या कोणाच्या तोफांनीं फुटल्या नाहींत.

कंपनीच्या डायरेक्टरांनीं डलहौसीचा निर्णय जानेवारी १८४९ मध्यें मंजूर केला, आणि सातारचें राज्य खालसा झालें. त्याच शिरस्त्यानें पुढें झांशी गेली, नागपूर गेलें. लंडनांत रंगो बापूजींनीं तरीहि अर्ज करणें थांबविलें नाहीं. आतां त्यांना भांडावयाला राजा नव्हता, राज्य नव्हतें. होता तो १८१९ च्या तहाचा कागद. त्या कागदावर विश्वास ठेवून ते आणखी पांच वर्षें तेथें राहिले, आणि १८५३ सालीं कर्जांत बुडून, रिकाम्या हातांनीं परतले. १८५७ सालीं सातारास जो कट उघडकीस आला, त्याचे सूत्रधार म्हणून त्यांच्या नांवाचें वॉरंट निघालें. त्यांचा मुलगा सीताराम यास देहान्त शासन झालें. रंगो बापूजी स्वतः मात्र निसटले, ते सरकारास शेवटपर्यंत सांपडले नाहींत.